बिबट्या कोणाच्या हद्दीत आला?

2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदान परिसरात बिबट्या शिरल्याने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू हत्ती-तळावरून हत्ती आणावे लागले आणि तरीही तो कोणाच्या हाती लागला नाही, हा विषय बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या कट्ट्यावर अजूनही निघतो. परवा मात्र तो माणसाच्या जगातील स्थानावर येऊन अडला.

शहर माणसाने माणसासाठी वसवलेले आहे, तेव्हा घुसखोर कोण हे उघड आहे, असे वकिलांचे म्हणणे होते आणि आधाराला त्यांनी थेट अ‍ॅरिस्टॉटलला उभे केले: वनस्पती प्राण्यांसाठी आणि प्राणी माणसासाठी. गुरुजींना हे सहन होणे शक्यच नव्हते. माणूस निसर्गात राहतो तो राज्याच्या आत वेगळे राज्य थाटून नव्हे, जे नियम दगडाला आणि बिबट्याला तेच आपल्या रागालोभालाही लागू आहेत, हे सतराव्या शतकातील डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचे मत त्यांनी मांडले आणि त्याला तुकोबांचा ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ हा चरण जोडला. (तुकोबा देहूत अभंग रचत होते तेव्हा स्पिनोझा अ‍ॅमस्टरडॅममध्ये पोरवयात होता, गुरुजींना अशा जोड्या लावायला फार आवडते.)

इतका वेळ गप्प असलेला आमचा खानापूरकडचा शेतकरी मित्र येथे उसळला. “गुरुजी, सोयरा म्हणायला तुमचं काय जातंय? डुकरं भातात शिरतात तेव्हा रात्रभर माळ्यावर मी बसतोय.” शिवाय त्याने आख्यायिकेची आठवण करून दिली: तुकोबांनी राखणीला बसून पाखरांना दाणे टिपू दिले खरे, पण शेत दुसऱ्याचे होते आणि मालक भरपाई मागायला आला होता. गुरुजींच्या मांडणीतील कच्चा दुवा त्याने नेमका पकडला होता, असे मला वाटते.

वकिलांनी मग जर्मन तत्त्वज्ञ कांटला पुढे केले. जनावरांशी क्रूरपणे वागू नये, कारण त्याने माणूस माणसाशीही क्रूर होतो, हा त्याचा युक्तिवाद फारसा कोणाला पटला नाही, कारण त्यात जनावराच्या वाट्याला स्वतःचे असे काहीच येत नाही.

खरी कलाटणी दिली ती आमच्या जैन मित्राने. ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ या सूत्राप्रमाणे सर्व जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात. पण मोक्ष मात्र मनुष्यजन्मातूनच मिळतो, देवांनाही त्यासाठी माणूस व्हावे लागते, आणि तरी अहिंसेची सर्वांत कडक व्रते याच श्रेष्ठ जन्माला सांगितली आहेत. म्हणजे शेवटी माणूस वरचाच ठरला की, असे वकील म्हणाले. मला तसे वाटत नाही. बिबट्याने कुत्रे उचलले म्हणून त्याला कोणी जाब विचारत नाही. जाब विचारता येतो तो फक्त माणसाला, आणि हा फरक हक्काचा नसून दायित्वाचा आहे. ‘आपणही एक प्राणीच’ असे म्हणून मोकळे होणाऱ्याला हे जितके अडचणीचे आहे, तितकेच ‘सारे माझ्यासाठी’ म्हणणाऱ्यालाही आहे.

“जाब द्यायचा, पण कोणत्या माणसानं?” शेतकरी मित्राने विचारले. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते, पाणी हुबळी-धारवाडला जाते आणि त्या पाण्यामागचे रान राखण्याचा भुर्दंड रानाकडेला राहणाऱ्याने सोसायचा, हे त्याला मान्य नव्हते. नुकसानीचा पंचनामा होऊन भरपाई मिळते, असे वकिलांनी सांगितले. त्यावर जागरणाचा पंचनामा कोण करतो, असा त्याचा प्रश्न होता. पाणी पिणाऱ्या शहरांनी पाणीपट्टीतच रानाचा वेगळा अंश द्यावा, असे गुरुजींनी सुचवले. वकिलांना तो कायद्यात बसेल असे वाटत नाही आणि शेतकरी मित्राला तो आपल्या गावापर्यंत पोहोचेल असे वाटत नाही.