एलिझाबेथच्या ओसरीवर

नोव्हेंबरात आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्यावरून जुंपली. बंगला ब्रिटिश काळातला, छप्पर खचलेलं, जागेवर हॉटेल येणार म्हणे. दादाने एका ओळीत निकाल लावला : ‘साहेबाचं होतं, गेलं तर गेलं. आधी वाईचा आपला वाडा सांभाळा.’ आपल्या वाड्याला सतरा वारस आहेत आणि पावसाळ्याआधी कौलं परतायला पैसे काढणारे दोनच, हे मात्र त्याने लिहिलं नाही. (त्या दोघांत तोही नाही.)

मी तेव्हा गप्प बसले. काका सिडनीला आमच्याकडे आले होते, त्यांना शनिवारी हॅरिस पार्कला डोसा खायला नेलं. हॅरिस पार्क म्हणजे इथलं ‘लिटल इंडिया’. तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर एलिझाबेथ फार्म आहे, ऑस्ट्रेलियात आज उभं असलेलं सगळ्यात जुनं युरोपियन घर, १७९३ साली बांधायला घेतलेलं. काका फाटकातच थबकले. “हे? आपली कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांची, आणि ह्यांचं एवढंसं बैठं घर वारसा!” पण पुढच्या खोल व्हरांड्यात शिरले, सावलीत टेकले आणि म्हणाले, “अगं, ही तर ओसरी!” फार चुकले नाहीत ते. व्हरांडा हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानातूनच.

घर बांधलं जॉन मॅकार्थरने, नाव दिलं बायकोचं. हा लष्करी अधिकारी. त्याला इथे शंभर एकर जमीन मिळाली आणि राबायला ब्रिटनहून आणलेले कैदी मिळाले, कारण पॅरामॅटातल्या, म्हणजे याच भागातल्या, सरकारी कामांवर देखरेख त्याचीच होती. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांच्या लोकरधंद्याचा जनक म्हणून त्याचं नाव झालं, दोन डॉलरच्या जुन्या नोटेवर मेंढ्यासकट त्याचं चित्र होतं. माणूस मात्र महाभांडखोर. वरिष्ठाशी द्वंद्व खेळला म्हणून १८०१ मध्ये इंग्लंडला पाठवला गेला. १८०८ मध्ये इथल्या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर ब्लाय यांना पदावरून हटवणाऱ्या बंडात पुढे होता आणि त्यापायी पुन्हा आठ वर्षं बाहेर. या दोन्ही खेपांना मुलं, मेंढ्या, कैदी मजूर आणि हिशेब एलिझाबेथने सांभाळले. लोकरीचं श्रेय नोटेवर कुणाला गेलं ते वर आलंच आहे.

आणि ही शंभर एकर ‘मिळाली’ कुणाकडून? इथे बुरामट्टागल हे मूळचे आदिवासी लोक राहत. ‘बुरामट्टा’ म्हणजे वाम मासे जिथे विसावतात ती जागा, त्यावरूनच पॅरामॅटा. १७९७ मध्ये पेमुलवुय नावाच्या आदिवासी योद्ध्याने सुमारे शंभर साथीदारांसह पॅरामॅटावर चाल केली. गोळ्या लागल्या तरी तो वाचला. १८०२ मध्ये त्याला मारलं आणि त्याचं शीर स्पिरिटमध्ये घालून इंग्लंडला धाडलं. ते आजवर सापडलेलं नाही.

मला दादाला सांगायचंय ते इथे आहे. घर राखणं म्हणजे साहेबाला हार घालणं नव्हे. मॅकार्थरचं घर पाडलं असतं तर पेमुलवुयची बाजू मोठी झाली नसती. ज्या जमिनीवरून भांडण, तिच्यावर उभं राहून सांगायची एक जागा तेवढी गेली असती. नुसती पाटी लावून हे जमत नाही. भिंतीची विटेची जाडी हाताला लागावी लागते.

आणि हाताला लागते बरं का. या घरात दोऱ्या बांधलेल्या नाहीत, ‘हात लावू नये’ नाही. सामान बहुतेक जुन्या नमुन्यावरून नव्याने केलेलं, त्यामुळे खुर्चीत बसा, खण उघडा. काकांनी आधी मागे बघितलं, कुणी ओरडतंय का. मग लिहायच्या टेबलाशी बसले, ड्रॉवर ओढला, आणि लहान मुलासारखे हसले. वाड्याच्या माजघरात आजीची फडताळं उघडताना ते असेच हसत असतील.

इथलं सगळंच आलबेल आहे असं मात्र मुळीच नाही. १९०४ साली हे घर पार मोडकळीला आलं होतं. स्वान नावाच्या कुटुंबाने ते घेतलं, त्यांच्या मुली १९६८ पर्यंत तिथे राहिल्या, म्हणून ते तगलं. सरकारी पैसा नंतर आला, संग्रहालय १९८४ मध्ये उघडलं. आणि याच पॅरामॅटात, नव्या संग्रहालयाला जागा हवी म्हणून २०२१ मध्ये ‘विलो ग्रोव्ह’ ही एकोणिसाव्या शतकातली हवेली उतरवली. संग्रहालयासाठी! लोक रस्त्यावर आले, बांधकाम कामगारांच्या युनियनने विरोध केला, तरी विटा सुट्या झाल्याच. ‘दुसरीकडे पुन्हा बांधू’ हे आश्वासन ऐकताना मला क्षणभर घरीच असल्यासारखं वाटलं.

तेव्हा ‘परदेशात बघा कसं जपतात’ हे मी म्हणणार नाही. आपल्याकडे वाडे पडतात ते आपल्याला प्रेम नाही म्हणून नव्हे. १९४७ च्या भाडेकायद्याने वर्षानुवर्षं गोठवलेल्या भाड्यात मालकाने डागडुजी करायची होती कशी? सतरा वारसांच्या सह्या जमायच्या कशा? वाड्याला हवेत पैसे आणि राहणारी माणसं, आणि तेच पाचगणीच्या बंगल्यालाही लागू. ‘आपला’ आणि ‘साहेबाचा’ अशी वाटणी केली की दोन्हीकडचं छप्पर गळतच राहतं.

पाचगणी वसवणारा जॉन चेसन हाही एक बाहेरून आलेला साहेब. गावात त्याने लावलेली म्हणून सांगतात ती सिल्व्हर ओकची झाडं मुळात ऑस्ट्रेलियाची. पसरणीचा घाट चढला की ती दिसायची, आणि आम्हाला ती पक्की पाचगणीची वाटायची. त्या दिवशी एलिझाबेथ फार्मवरून परत जाताना रस्त्याकडेला एक पिवळ्या-केशरी फुलांनी गच्च भरलेला सिल्व्हर ओक दिसला. फोटो काढून दादाला पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं : ‘पाचगणीला कधी गेलीस?’