झाडाला माती लागतेच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्ले बॉल्समध्ये, म्हणजे मातीऐवजी भाजलेल्या चिकणमातीच्या गोळ्यांत लावलेल्या मनी प्लांट आणि सिंगोनियमवर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप असे: हे पैसेवाल्यांचे चोचले, गोळ्या भट्टीत भाजतात म्हणून पर्यावरणाची हानी, साठलेल्या पाण्याने डेंग्यू. आणि सर्वांत वर, 'झाडाला माती लागते एवढंही ज्यांना कळत नाही, त्यांनी ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बसून बागकाम शिकवू नये.'

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मुद्दा मांडायला माणसाच्या घरात शिरायची काय गरज होती?

आमचं मूळ घर मुरबाडकडचं. राब भाजताना डोळे चुरचुरले आहेत, लावणीला आईशेजारी चिखलात वाकून उभी राहिले आहे. माती मला तुमच्याकडून शिकायची नाही. आणि मातीत वाढले म्हणूनच सांगते, झाडाला हवं असतं ते पाणी, क्षार, आधार आणि मुळांशी हवा. साक्स आणि क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६०च्या दशकातच नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवून दाखवली होती.

हवेचं तर आपल्याकडे फारच महत्त्व आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात बाल्कनीतल्या कुंडीची माती कित्येक दिवस सुकत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजतात. क्ले बॉल्स म्हणजे सुमारे १२०० अंशांवर फुगवलेली चिकणमातीच. पाणी तळाच्या एक तृतीयांश भागातच ठेवायचं, गोळ्या ते वर शोषतात आणि मधल्या फटींतून मुळांना हवा मिळत राहते. गोळ्यांत अन्न नसतं, ते मी पातळ करून पाण्यातून देते, सामू (pH, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवून. मातीतलं रोप गोळ्यांत आणताना मुळं अगदी स्वच्छ धुवावी लागतात. जुनी काही मुळं मरतात, मग पाण्याला सरावलेली नवी फुटतात. तेवढा काळ धीर धरावा लागतो, आणि तो धरायच्या आधीच लोक 'मातीच बरी' म्हणून मोकळे होतात.

गोळ्या महाग पडतात, हे मान्य. पण त्या धुऊन, उकळून वर्षानुवर्षं वापरता येतात, त्यामुळे भट्टीच्या मुद्द्यावर मी अधिक लिहीत नाही. डेंग्यूचं म्हणाल तर पाणी गोळ्यांच्या थराखाली असतं आणि दर आठवड्याला मी ते ओतून कुंडी साध्या पाण्याने धुते.

रोपांबद्दल काहीही विचारा, सविस्तर उत्तर देईन. माझ्या घरावर घसरणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे राहणार नाही.