गल्ला म्हणजे कमाई नव्हे

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वडापावची गाडी दिवसाला पाच हजारांचा गल्ला करते, म्हणजे महिन्याला दीड लाख, घरचीच माणसे राबत असल्याने मजुरीही वाचते, नोकरदार मात्र ठरावीक पगारात अडकतो, आणि उद्यमनगर या कोल्हापुरातल्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदारही एका शेडमधूनच मोठे झाले, तेव्हा नोकरी सोडा. हे वाचून खरोखर राजीनाम्याचा विचार करणारी मुले मला ठाऊक आहेत, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिली चूक हिशेबाची आहे. आठवड्याची सुट्टी धरली तर महिन्याचे दिवस सव्वीस, म्हणजे गल्ला एक लाख तीस हजार. समजा, त्यातले साठ टक्के बटाटा, पीठ, तेल आणि पाव यांत गेले, तर बावन्न हजार उरतात. त्यांतून एका पोऱ्याचा पगार बारा हजार, गॅस व जागा आठ हजार, गाडी-भांड्यांची झीज आणि व्याज पाच हजार वजा केले की हातात सत्तावीस हजार येतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण गाडीवर नवरा-बायको दोघेही पहाटेपासून उभे असतील, तर माणशी साडेतेरा हजारच पडतात.

घरची मजुरी वाचते, हे दुसरे विधान मला सर्वांत खटकते, कारण ती वाचत नाही, कोणीतरी ती फुकट देत असते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारी होते; या ५८.४ पैकी १९.४ टक्के (म्हणजे एकूण काम करणाऱ्यांच्या १९.४ टक्के) घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस होते. म्हणजे ज्यांना आपण ‘धंदा करणारे’ म्हणतो, त्यांतील साधारण दर तिघांपैकी एकाच्या नावावर कमाईच नाही. कोल्हापुरी चपलेची वेणी घरी बसून घालणारी सूनही यातच येते. तिच्या श्रमाचे मोल धरले, तर नफा दाखवणारे कितीतरी धंदे तोट्यात निघतील.

ठरावीक पगाराबद्दल फार लिहायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ज्यांची गाडी वा दुकान बंद राहिले, त्यांची त्या दिवसांची कमाई बुडाली. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा आणि ग्रॅच्युइटी हीदेखील पगाराचीच अंगे आहेत आणि संदेशातल्या तुलनेत ती कोठेच धरलेली नाहीत.

राहिला उद्यमनगराचा दाखला. तो खोटा नाही, पण एकाच शब्दाखाली निरनिराळी माणसे कोंबतो. स्वतःचे डिझाइन आणि स्वतःची गिऱ्हाइके असलेला कारखानदार वेगळा, आणि एका लेथवर दुसऱ्याचे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मजुरीवर कातून देणारा जॉबवर्कवाला वेगळा. इचलकरंजीतही स्वतः सूत घेऊन कापड विकणारा आणि व्यापाऱ्याच्या सुतावर पिकामागे (पीक म्हणजे विणताना टाकलेला एक आडवा धागा) ठरलेली मजुरी घेणारा खर्चीवाला यंत्रमागधारक, असे दोन थर आहेतच. खर्चीवाला माग स्वतःचा असूनही दर ठरवू शकत नाही. लहान उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु पुढचे काम ज्याच्या हातात आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जॉबवर्कवाला सहसा धजावत नाही.

अमेरिकेतल्या आकडेवारीवर अर्थतज्ज्ञ बार्टन हॅमिल्टन यांनी २००० साली दाखवले की, दहा वर्षे धंद्यात काढल्यावरही मधल्या (कमाईच्या क्रमाने लावल्यास बरोबर मध्यावर येणाऱ्या) उद्योजकाची कमाई, तेवढाच काळ नोकरी केली असती तर अपेक्षित असलेल्या पगारापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी भरते. पुढे २०१७ मध्ये रॉस लेव्हिन आणि योना रुबिनस्टाइन यांनी कंपनी म्हणून नोंदणी केलेले आणि न केलेले असे स्वयंरोजगारी वेगळे काढले, तेव्हा भरघोस कमाई मुख्यतः पहिल्या गटात आढळली. या गटातले लोक धंद्यात येण्यापूर्वी नोकरीतही इतरांपेक्षा जास्त पगार मिळवत होते. तो देश वेगळा असला, तरी उद्यमनगरातल्या ज्या कारखानदाराचा दाखला हा संदेश देतो, त्याने शेड घेण्याआधी किती वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात काम शिकण्यात घालवली आणि पहिले गिऱ्हाईक त्याला कोणत्या ओळखीतून मिळाले, हे सांगितल्याशिवाय तो दाखला अपुराच राहतो.