आयर्लंडच्या सीमेवर नाके बसलेले नाहीत

'ब्रिटनपाठोपाठ आयर्लंडही युरोपीय संघातून बाहेर पडलं, आता डब्लिन-बेलफास्ट रस्त्यावर तपासणी नाके बसलेत' असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत. २३ जून २०१६ला बाहेर पडण्याचा कौल दिला तो ब्रिटनने. आयर्लंड आजही संघात आहे, तिथे युरोच चालतो.

नाक्यांचं म्हणाल, तर डब्लिन आहे आयर्लंडमध्ये आणि बेलफास्ट ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये; मधली सीमा ओलांडल्याचं कळतं ते वेगमर्यादेच्या पाटीवरून: किलोमीटर संपून मैल सुरू होतात. १९९८च्या शांतता करारानंतर मोकळी झालेली ही सीमा पुन्हा बंद होऊ नये म्हणूनच उत्तर आयर्लंडला मालाबाबत युरोपीय नियम लागू ठेवले. त्यामुळे मालाची तपासणी होते ती ब्रिटनच्या मुख्य बेटावरून बोटीने येणाऱ्या मालाची, लार्न, बेलफास्टसारख्या बंदरांत.

मात्र डब्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी एक नीट लक्षात घ्या. नाका नाही म्हणजे व्हिसा नको, असं नाही! भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचं रहिवासी कार्ड असलं, तरी बेलफास्टला जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. हा नियम ब्रेक्झिटच्या आधीपासूनचा आहे. बसमध्ये अधूनमधून कागदपत्रं तपासतात, आणि मुलाबाळांसह अडकलात तर सहल तिथेच संपते.