मावशी, लंडन साडेचार तासांवर नाही

काल मावशीचा फोन आला. “अगं, लंडन साडेचार तासांवर तर आहे! तू उगाच दहा तास म्हणून घाबरवलंस.” जानेवारीत ती लेकीकडे निघाली आहे, एकटीच. तिला मधुमेह आहे, इन्सुलिनच्या वेळा ती वहीत मांडून ठेवते. त्या वहीत तिनं प्रवासाचे साडेचार तास धरले होते, कारण भिशीच्या ग्रुपवर आलेला हा मेसेज: ‘मुंबईहून दुपारी १ ला निघा, ५.३० ला लंडन. येताना मात्र रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०, म्हणजे साडेचौदा तास! पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना लंडनच आपल्याकडे येतं. त्यात विमान कंपन्या मुद्दाम वळसा घालून जादा भाडं उकळतात.’

आधी तासांचं. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळातली, पोचायची लंडनच्या. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे याच वेळांनी जाताना १० तास लागले आणि येताना ९. तेवढीही बेरीज-वजाबाकी नको असेल तर तिकिटावर प्रवासाचा कालावधी छापलेला असतो, तो वाचावा. साडेचार तासांच्या हिशोबानं औषध आणि खाणं घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं सहाव्या-सातव्या तासाला काय होईल, हा विचार मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकाच्याही मनात आला नाही, याचा मला संताप येतो. मावशीसारख्या सगळ्यांना सांगते: डॉक्टरांना खरे तास आणि घड्याळांतला फरक सांगून वेळा ठरवून घ्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. खाली सामानात गोठू शकतं.

आता पृथ्वीचं फिरणं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेकडे सरकते. हवेत गेलेली वस्तू मागे राहत असती, तर अंगणात दोरीवरच्या उड्या मारणारी पोर पलीकडच्या गल्लीत उतरली असती. हवा, विमान, आपण, सगळे जमिनीबरोबरच फिरत असतो. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं: सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं: १५,३०० किलोमीटर. अंतर १,४०० किलोमीटरनं वाढलं, तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, जवळपास दोन तास आधी. मेसेजमधलं खरं असतं तर उलट व्हायला हवं होतं. हे वारे पूर्वेकडे वळतात त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढं मान्य करते. त्यापलीकडे काही नाही.

वळशाचं म्हणाल तर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी वाटच जवळची निघते. काही वळसे खरेच पडतात, पण ते हवाई हद्द बंद झाल्यामुळे. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती बंद केली तेव्हा पडले तसे. आणि वाढलेलं इंधन आधी कंपनीच्याच खिशातून जातं.

मावशीनं वहीतलं ते पान फाडलं. तिच्या तिकिटाचा फोटो, नाव झाकून आणि कालावधीभोवती लाल गोल करून, आज सकाळी तिनंच भिशीच्या ग्रुपवर टाकला.