चांदीचं नाणं उकळून कॅन्सर जात नाही

नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: तुळशीच्या काढ्यात चांदीचं नाणं उकळा आणि रोज उपाशीपोटी प्या. त्यात चांदीचे नॅनोकण तयार होतात, ते फक्त कॅन्सरच्या पेशी मारतात, आणि हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. यात खरं-खोटं असं मिसळलंय की एकेक धागा सोडवावाच लागेल.

आधी नाणं. इतवारीच्या सराफ्यातून आणलेलं नाणं तासभर उकळलं तरी नाणंच राहतं. प्रयोगशाळेत सुरुवात होते ती सिल्व्हर नायट्रेट या क्षारापासून. त्याच्या अगदी पातळ द्रावणात पानांचा अर्क घातला की फिकट पिवळा रंग हळूहळू तपकिरी होत जातो. पानांतली फिनॉलसारखी द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, 1 ते 100 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण बनतात आणि तीच द्रव्यं कणांभोवती आवरण धरतात. हे रसायनशास्त्र मला मनापासून आवडतं. पण सिल्व्हर नायट्रेट दाहक असतं. ते घरी आणून हा खटाटोप कुणीही करू नये.

‘प्रयोगशाळेत सिद्ध झालंय’ हा सगळ्यात फसवा भाग. पेशी मरतात हे खरं, पण कुठे? 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत. तिथे एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा किती गडद झाला त्यावरून किती पेशी जगल्या ते काढतात. त्या खळग्यात ना रक्त असतं, ना यकृत, ना मूत्रपिंड. पोटात गेलेली चांदी गाठीपर्यंत पोचते का, हे तबकडी सांगूच शकत नाही. तिच्यात फिनाइल ओतलं तरी पेशी मरतीलच!

चांगल्या पेशींना धक्का लागत नाही, हेही खोटं. मात्रा वाढली की निरोगी पेशीही मरतात. चांदीचं पाणी दीर्घकाळ पिणाऱ्यांची त्वचा निळसर-राखाडी पडते आणि तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 मध्येच नियम काढला की कोलॉइडल चांदीची, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या बारीक कणांची, बिनचिठ्ठीची औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येणार नाहीत.

वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, असंही नाही. सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन कॅन्सरवर देतात, पण मोजून आणि फक्त शिरेतून. चूक झाली तर जीव जातो. नॅनोकणांची औषधंही आहेत. लायपोसोममधलं, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरलेलं, डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध 1995 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते माणसांवरच्या चाचण्यांनंतर. चांदीच्या नॅनोकणांचं कॅन्सरवरचं एकही औषध अजून मंजुरीपर्यंत पोचलेलं नाही.

माझा जीव तुटतो तो वाया जाणाऱ्या वेळासाठी. आपल्याकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घरोघरी, आणि त्यातून तोंडाचा कॅन्सर होतो. तोंडात पांढरा चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर काढा पीत बसू नका. सरळ मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, किंवा मानेवाडा रोडच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला दाखवा. उपचार चालू असताना कुणी हा काढा घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.