बाटलीतला काळा जावई

प्रदर्शनात ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. आमच्या टेबलावरची म्हणते, चुंबकाला हात लावा, बाटलीला नको. एवढं वाचतंय कोण? आलेला माणूस बाटली उचलतो आणि खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवतो. झालं! तेल पाण्यात घुसळलं की आत गढूळ तपकिरी काढा, आणि तो निवळेपर्यंत बाटली प्रेक्षणीय राहत नाही.

आत पाण्यात असतं फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबक जवळ नेला की काटे उभारणारं काळं द्रव. मॅग्नेटाइटचे 10 नॅनोमीटरच्या आसपासचे कण, प्रत्येकाला ओलेइक आम्लाचं अस्तर (नाहीतर एकमेकांना मिठ्या मारून तळाशी बसतात), आणि हे सगळं केरोसीनसारख्या तेलात. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी 1963 मध्ये रॉकेटचं इंधन चुंबकानं ओढता यावं म्हणून ते केलं. इंधन राहिलं बाजूला. 2001 मध्ये जपानी कलाकार साचिको कोदामा यांनी मिनाको ताकेनो यांच्यासोबत प्रेक्षकांच्या आवाजावर त्याचे काटे नाचवले. नुसत्या जुन्या, क्वांटमच्या आधीच्या भौतिकशास्त्रानं हिशोब मांडला तर चुंबकत्व शून्य येतं. हे काटे म्हणजे मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनची (त्याच्या अंगभूत क्वांटम गुणाची) करामत. बघणारा मात्र विचारतो, ‘जिवंत आहे का हो?’

जिवंत नाही, पण लाड जावयाचे. 200 मिलीची काचेची बाटली साबणानं घासायची आणि डिस्टिल्ड पाण्यानं विसळायची. आतून पाण्याचा थेंब न होता सलग पडदा धरला, तरच काच पास. तेलकट बोटाचा एक ठसा आत राहिला की तेल तिथेच चिकटतं आणि काच कायमची काजळते. मग डिस्टिल्ड पाण्यातलं मीठपाणी काठोकाठ भरून दोन-तीन दिवस ठेवायचं. न ओतता, न सुकवता, ड्रॉपरनं 5 मिली फेरोफ्लुइड आत सोडायचं. बूच रबरी नको, केरोसीननं फुगतं.

निओडिमियम चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. बाटली फुटलीच तर पिशवी उलटी करून सोलून काढता येते. उघड्या चुंबकाला हे द्रव लागलं की पुसायचं नावच नको, आणि पांढऱ्या सदऱ्याला तर रामराम.

शेवटी एकजण हमखास विचारतो, ‘झेरॉक्सचं टोनर नि गोडंतेल चालेल का?’ टोनर चुंबकीय असेल तर चालतं, थोडा वेळ. ते कण मायक्रॉनमधले, म्हणजे कितीतरी मोठे, त्यामुळे काटे बोथट येतात आणि रात्रीत तळाशी गाळ. बेसिन मात्र नीट काळं होतं.